सहा मिनिटांचा हिशोब: मोठ्या लॉ फर्मची नोकरी कुठून आली, आणि ती घ्यावी का?

 

आज सुरुवात एका छोट्या आकड्यापासून करू. सहा मिनिटं. न्यूयॉर्कमधल्या मोठ्या लॉ फर्ममधला वकील आपला दिवस सहा-सहा मिनिटांत मोजतो. एका तासाचे दहा तुकडे. क्लायंटचा फोन घेतला, ०.२. ईमेल वाचून उत्तर दिलं, ०.१. करार वाचायला बसला, ३.४. दिवसाच्या शेवटी हे तुकडे एका शीटवर उतरतात, महिन्याच्या शेवटी त्यांचं बिल होतं आणि वर्षाच्या शेवटी त्यांची बेरीज बघून ठरतं की हा माणूस फर्मला परवडतो की नाही.

आता तुम्ही म्हणाल, अरे तू सॉफ्टवेअरवाला. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस. तुला वकिलांच्या तासांचं काय पडलंय?

दोन कारणं आहेत. पहिलं, माझी पहिली नोकरी हिंजवडीत, सर्व्हिस कंपनीत होती. दर शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीट भरल्याशिवाय घरी जायचं नाही, असा नियम. त्यात एक कॉलम असायचा, ‘बिलेबल’. त्या कॉलममध्ये तास असले की तुम्ही कामाचे, नसले की तुम्ही बेंचवर. हा शब्द आमच्या आयटीत आला, त्याच्या कितीतरी आधी वकिलांच्या ऑफिसात रुळलेला होता.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. माझी मामेबहीण एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे. मुंबईतल्या एका मोठ्या लॉ फर्मने तिला नोकरी देऊ केलीय. पगार असा की आमच्या मामाला आकडा दोनदा सांगावा लागला. मामा स्वतः सातारा जिल्ह्यात तालुका कोर्टात वकिली करतो, पंचवीस-तीस वर्षं झाली. त्याचं म्हणणं, “वकील व्हायचं असेल तर कोर्टात उभं राहायला शिक. काचेच्या इमारतीत बसून करारातले स्वल्पविराम तपासायला पाच वर्षं शिकलीस का?” आणि तिचा मला फोन: “दादा, तू कॉर्पोरेटमध्ये आहेस ना, सांग. घेऊ का ऑफर?”

आता हो किंवा नाही सांगायला दोन सेकंद लागतात. पण मला वाटलं, ही नोकरी मुळात कोणी बनवली, कशासाठी बनवली, हे आधी बघू. एखादं सॉफ्टवेअर का बिघडतंय ते कळत नसेल, तर आम्ही पहिला कोड कोणी आणि का लिहिला ते शोधतो. इथेही तेच केलं. आणि जे सापडलं ते इतकं मस्त होतं की एक एपिसोड झाला.

बिनपगारी कारकून

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत जाऊ. तेव्हा वकील होण्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे एखाद्या वकिलाच्या ऑफिसात उमेदवारी. कागद हाताने उतरवून काढायचे, निरोप पोचवायचे, फावल्या वेळात कायद्याची पुस्तकं वाचायची. पगार नाही, किंवा नावापुरता. फर्म म्हणजे दोन-तीन वकील आणि काही कारकून. आत शिरायचं असेल तर ओळख लागायची. कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी भाचा.

मग दोन गोष्टी बदलल्या. एक, रेल्वे कंपन्या आणि मोठे कारखाने आले. एका रेल्वे कंपनीची फेररचना करायची तर हजारो पानांचे रोखे, गहाणखतं, करार. दोन-तीन वकिलांचं ते काम नव्हतं. दोन, हार्वर्डमध्ये १८७० पासून क्रिस्टोफर लँगडेल नावाच्या डीनने कायदा शिकवायची पद्धतच बदलून टाकली. पाठांतराऐवजी प्रत्यक्ष निकाल वाचायचे आणि त्यांतून तत्त्व शोधायचं. म्हणजे एकीकडे प्रचंड काम आणि दुसरीकडे तयार डोकी. या दोघांना जोडणारा माणूस हवा होता.

तो माणूस म्हणजे पॉल ड्रेनन क्रॅव्हॅथ. जन्म १८६१, ओहायो राज्यात. १८८६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी. तिशीच्या आत असताना त्याच्याकडे एक क्लायंट आला, जॉर्ज वेस्टिंगहाऊस. हो, तोच वेस्टिंगहाऊस, जो एडिसनशी विजेच्या धंद्यात भिडला होता. बल्बच्या पेटंटवरून एडिसनच्या कंपनीने दावे लावले होते. १८९२ मध्ये अपिलातही एडिसनची बाजू जिंकली. पण त्या लढाईत क्रॅव्हॅथने पाहिलं असणार की इथे फर्ड्या वक्तृत्वापेक्षा हजारो कागद शिस्तीने हाताळणारी माणसं जास्त लागतात.

१८९९ मध्ये तो न्यूयॉर्कच्या एका जुन्या फर्ममध्ये दाखल झाला आणि तिथे त्याने एक व्यवस्था बसवली. आजही वकिली जगात तिला ‘क्रॅव्हॅथ सिस्टिम’ म्हणतात. फर्मचेच एक भागीदार रॉबर्ट स्वेन यांनी पुढे १९४० च्या दशकात फर्मचा तीन खंडी इतिहास लिहिला, त्यात ती तपशीलवार मांडलीय.

पाच नियम

नियम साधे आहेत. बोटांवर मोजू.

पहिला: उत्तम लॉ स्कूलमधून वरच्या नंबरची मुलं थेट घ्यायची. अनुभव नको, कोरी पाटी हवी.

दुसरा: त्यांना पगार द्यायचा. पण मग स्वतःचे खासगी क्लायंट बघायचे नाहीत. सगळा वेळ फर्मचा.

तिसरा: शिकवायचं. आणि कसं? पाण्यात ढकलून नाही. एका मोठ्या प्रश्नाचे छोटे तुकडे करायचे, नवख्याला एक तुकडा द्यायचा, तो नीट झाला की थोडा मोठा तुकडा. हळूहळू पूर्ण प्रश्न त्याच्या हातात. (आमच्याकडे नवीन मुलाला आधी छोटा बग देतात ना, अगदी तसंच.)

चौथा: वर जा, नाहीतर बाहेर जा. काही वर्षांनी फर्म ठरवणार की तुम्ही पार्टनर होणार की नाही. होणार नसाल तर कायम तिथेच बसायची सोय नाही. मात्र बाहेर जाणाऱ्याला फर्म चांगली जागा शोधायला मदत करायची. बऱ्याचदा ती जागा क्लायंटच्याच कंपनीत असायची, आणि मग तो माणूस जुन्या फर्मलाच काम पाठवायचा. हुशारी बघा!

पाचवा: पार्टनर आतूनच घडवायचे, बाहेरून आणायचे नाहीत. आणि नफा वाटायचा तो ज्येष्ठतेने. कोणी किती क्लायंट आणले यावरून भांडण नको.

आता जरा थांबून विचार करा. आज आपण या व्यवस्थेला ‘पिळून घेणारी’ म्हणतो. पण १९०० च्या आसपासच्या एखाद्या गरीब घरातल्या हुशार मुलाच्या नजरेने बघा. आधी बिनपगारी उमेदवारी परवडायची कोणाला? ज्याचा बाप खर्च उचलेल त्याला. क्रॅव्हॅथने पगार सुरू केला, शिकवणं फर्मची जबाबदारी केली, आणि भाच्या-पुतण्यांऐवजी मार्क बघायला सुरुवात केली. कागदावर ही मोठी सुधारणा होती.

कागदावर म्हणतोय, कारण पुढची गोष्ट वाईट आहे.

दार कोणासाठी उघडं होतं?

मार्क बघायचे, पण कोणाचे? वॉल स्ट्रीटच्या जुन्या फर्म्समध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रामुख्याने गोरे, प्रोटेस्टंट, खानदानी पुरुष होते. ज्यू मुलगा वर्गात पहिला आला तरी बहुतेक दारं बंद. विल्यम कोलमन नावाचा कृष्णवर्णीय तरुण १९४६ मध्ये हार्वर्ड लॉ स्कूलमधून अगदी वरच्या नंबराने बाहेर पडला, पुढे सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाकडे काम केलं, आणि तरी स्वतःच्या फिलाडेल्फिया शहरात त्याला मोठ्या फर्मने घेतलं नाही. शेवटी न्यूयॉर्कमध्ये काम मिळालं. रूथ बेडर गिन्सबर्ग १९५९ मध्ये कोलंबियातून संयुक्त पहिल्या क्रमांकाने पास झाल्या. न्यूयॉर्कच्या एकाही फर्मने नोकरी दिली नाही. सँड्रा डे ओ’कॉनर १९५२ मध्ये स्टॅनफर्डहून निघाल्या, तर त्यांना एका फर्मने सेक्रेटरीचं काम देऊ केलं. या दोघी पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश झाल्या!

आणि ‘पार्टनर करायचं की नाही हा आमचा खासगी मामला’ असं फर्म्स किती दिवस म्हणत होत्या? १९८४ पर्यंत. एलिझाबेथ हिशॉन ही वकील १९७२ मध्ये अटलांटाच्या किंग अँड स्पाल्डिंग फर्ममध्ये लागली होती. पार्टनरशिप नाकारल्यावर तिने दावा लावला. सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की भेदभावविरोधी कायदा पार्टनर करण्याच्या निर्णयालाही लागू होतो.

ज्यांना दार बंद होतं त्यांनी काय केलं? स्वतःच्या फर्म काढल्या किंवा वाढवल्या. जो फ्लोम हा ब्रुकलिनमधला गरीब ज्यू घरातला मुलगा १९४८ मध्ये स्कॅडन आर्प्स नावाच्या नवख्या फर्ममध्ये पहिला असोसिएट म्हणून लागला. जुन्या फर्म्स एका कंपनीने दुसरी कंपनी जबरदस्तीने विकत घेण्याच्या भांडणात पडायच्या नाहीत, त्यांना ते काम हलकं वाटायचं. फ्लोमने तेच काम घेतलं. १९७० आणि ८० च्या दशकांत अशा भांडणांची लाट आली आणि स्कॅडन देशातल्या सर्वांत मोठ्या फर्म्सपैकी एक झाली.

तास कुठून आला?

आता आपल्या सहा मिनिटांकडे येऊ. याची गोष्ट ऐकून मी खरंच चकित झालो. तासांची ही पद्धत श्रीमंतांना लुटायला निघालेली नव्हती. तिची मुळं गरिबांच्या मोफत वकिलीत आहेत.

रेजिनाल्ड हेबर स्मिथ. बोस्टनमध्ये गरिबांना कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेचा प्रमुख. पैसा कमी, रांग मोठी. कोणत्या प्रकारच्या केसला किती वेळ जातो हे कळल्याशिवाय काम कसं आखणार? म्हणून त्याने वेळेच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. १९१९ मध्ये त्याचं ‘जस्टिस अँड द पुअर’ हे गाजलेलं पुस्तक आलं, आणि त्याच वर्षी तो हेल अँड डॉर या खासगी फर्ममध्ये गेला. जाताना नोंदवहीची सवय बरोबर घेऊन गेला. १९४० मध्ये त्याने अमेरिकन बार असोसिएशनच्या नियतकालिकात फर्म कशी चालवावी यावर लेखमाला लिहिली.

पण तेव्हा तास हे आतलं माप होतं. क्लायंटला बिल द्यायचं ते कामाकडे बघून, किंवा बार असोसिएशनच्या दरपत्रकाकडे बघून. १९५८ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने वकिलांसाठी एक पुस्तिका काढली. तिचा सूर असा, की बाकीचे व्यावसायिक पुढे गेले, वकील मागे पडले, कारण ते वेळेची नोंद ठेवत नाहीत. तिच्यात एक आकडा होता तो लक्षात ठेवा: जादा काम केलं नाही तर वर्षाला बिल लावण्याजोगे तास साधारण १,३०० निघतात.

१,३००. आज मोठ्या अमेरिकन फर्म्समध्ये अपेक्षा साधारण १,९०० ते २,००० ची असते. वर्ष तेवढंच आहे, माणूसही तेवढाच आहे.

मग हे झालं कसं? १९७५ मध्ये एक निकाल आला. व्हर्जिनियातल्या गोल्डफार्ब नावाच्या जोडप्याला घर घ्यायचं होतं. मालकी हक्काची तपासणी वकिलाकडून करून घ्यावी लागायची आणि बार असोसिएशनच्या दरपत्रकाने किमान फी बांधून दिलेली. त्यांनी आणखी ३६ वकिलांना पत्रं पाठवली. १९ जणांनी उत्तर दिलं. एकही दरपत्रकाच्या खाली यायला तयार नाही! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि कोर्टाने अशी ठरवून दिलेली किमान फी स्पर्धाविरोधी म्हणून बेकायदा ठरवली. दरपत्रक गेलं, त्याच्या जागी तास पक्का बसला. १९७७ मध्ये आणखी एका निकालाने वकिलांना जाहिरातीची मुभा मिळाली. १९७९ मध्ये ‘द अमेरिकन लॉयर’ मासिक सुरू झालं, आणि १९८५ पासून त्यात कोणत्या फर्मच्या पार्टनरला किती नफा मिळतो हे छापून यायला लागलं.

शेजाऱ्याचा पगार कळला की आपल्या घरात काय होतं, तेच झालं. जास्त कमावणारे पार्टनर जास्त देणाऱ्या फर्मकडे जायला लागले. त्यांना धरून ठेवायला जास्त नफा हवा. जास्त नफ्याला जास्त तास हवेत. आणि जास्त तासांसाठी खाली जास्त तरुण पोरं.

पगारही वाढला, ते नाकारून चालणार नाही. १९६८ मध्ये क्रॅव्हॅथ फर्मने नवख्यांचा पगार वर्षाला १५,००० डॉलर केला तेव्हा बाजारात खळबळ उडाली. १९८६ मध्ये तो ६५,००० झाला. २०२३ च्या शेवटी न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्म्समध्ये पहिल्या वर्षाचा आकडा २,२५,००० डॉलरवर पोचला.

पिरॅमिडचं गणित

आता थोडं आमच्या भाषेत. समजा एक असोसिएट वर्षाला २,००० तास बिल करतो आणि त्याचा दर तासाला ६०० डॉलर आहे. (दर मी हिशोबापुरता धरलाय.) म्हणजे १२ लाख डॉलरचं बिल. त्यातून त्याचा पगार, बोनस, भाडं, सगळं गेलं तरी भरपूर उरतं. ते वर जातं. एका पार्टनरखाली असे तीन-चार असोसिएट असले की वरच्याचं उत्तम चालतं.

पण खालच्या तिघा-चौघांना पार्टनर केलं तर? त्या प्रत्येकाखाली परत तीन-चार लागणार. म्हणजे फर्म दर दहा वर्षांनी कितीतरी पट व्हायला हवी. गॅलंटर आणि पाले या दोन अभ्यासकांनी १९९१ च्या ‘टूर्नामेंट ऑफ लॉयर्स’ या पुस्तकात हेच मांडलं, की फर्मची वाढ या बढतीच्या स्पर्धेतच गुंफलेली आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी अख्ख्या अमेरिकेत ५० हून जास्त वकील असलेल्या फर्म्स होत्या फक्त ३८. आज एकेका फर्ममध्ये हजारो वकील असतात.

आणि वाढ थांबली की? २००९ मध्ये मंदीत एकामागून एक फर्म्सनी तरुण वकिलांना घरी पाठवलं, नव्यांच्या रुजू व्हायच्या तारखा पुढे ढकलल्या. २०१२ च्या मे महिन्यात ड्यूई अँड लबफ ही कधीकाळी हजारावर वकील असलेली फर्म दिवाळखोरीत गेली. मोठमोठ्या पार्टनर्सना ठरावीक रकमेची हमी देऊन ठेवली होती, आणि तेवढे पैसे येईनात.

थोडक्यात, या व्यवस्थेत बहुतेकांनी सोडून जाणं हे ठरलेलं आहे. ‘मी टिकलो नाही’ असं म्हणून जे स्वतःला दोष देतात, त्यांनी हे आधी समजून घ्यावं. दहा जणांना आत घेतानाच नऊ जणांच्या जाण्याचा हिशोब झालेला असतो, मग नऊच्या जागी आकडा आठ असो वा साडेनऊ.

मुंबईचा फोर्ट

आता घरी येऊ. मुंबईत मोठ्या फर्मची परंपरा न्यूयॉर्कइतकीच जुनी आहे. क्रॉफर्ड बेली १८३० ची, लिटल अँड कंपनी १८५६ ची, अमरचंद मंगलदास १९१७ ची. पण इथली घडण वेगळी. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत कामाचे दोन भाग होते: सॉलिसिटर क्लायंट सांभाळणार, कागद तयार करणार, आणि ब्रीफ बॅरिस्टरच्या हातात देणार. बॅरिस्टर कोर्टात बोलणार. म्हणजे बॅरिस्टरचं पोट सॉलिसिटरच्या मर्जीवर.

या मर्जीचा अर्थ काय होतो हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात दिसतं. लंडनहून ग्रेज इनचे बॅरिस्टर होऊन आलेल्या बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या हातात. पण अस्पृश्य म्हणून सॉलिसिटर ब्रीफ द्यायला तयार नाहीत. त्यांनी अपील शाखेत आणि जिल्ह्यांच्या कोर्टांत कामं घेतली, आणि खर्च भागवायला बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. न्यूयॉर्कमध्ये ज्यू मुलांना जे बंद दार दिसत होतं, तेच इथे जातीच्या रूपात होतं. ‘हुशारीला वाव आहे’ हे वाक्य कुठेही ऐकलं की मी विचारतो, आत जायची चिठ्ठी कोणाच्या हातात आहे?

ती दोन भागांची पद्धत १९७६ च्या दुरुस्तीनंतर संपली. (सॉलिसिटरची परीक्षा मात्र मुंबईत अजून होते.) फर्म्स बरीच वर्षं छोट्याच राहिल्या, कारण तेव्हाच्या कंपनी कायद्याने भागीदारीत २० हून जास्त भागीदार चालत नव्हते, आणि बार कौन्सिलच्या नियमाने वकिलाला जाहिरात करता येत नाही. मग १९९१ चं उदारीकरण आलं, परदेशी पैसा आला, करारांचा पूर आला. १९८७ मध्ये बंगळुरूला स्थापन झालेल्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली बॅच १९९३ मध्ये बाहेर पडली, आणि फर्म्सना हवी तशी कोरी पाटी मिळाली. २००८ च्या एलएलपी कायद्याने मोठ्या फर्मला नवा साचा मिळाला. २०१५ मध्ये अमरचंदचे दोन भाग झाले, आणि आज दोन्ही देशातल्या सर्वांत मोठ्या फर्म्समध्ये मोडतात. क्रॅव्हॅथचे नियम आता इथेही ओळखीचे आहेत. टाइमशीटसुद्धा.

मग बहिणीला काय सांगितलं?

तिच्या बाजूचा हिशोब असा. शिक्षणाचं कर्ज १२ लाख. दहा टक्के व्याज, सात वर्षं धरली तर हप्ता महिना जवळजवळ २०,०००. आता दुसरा रस्ता बघा: मुंबईत एखाद्या सिनियरकडे ज्युनिअर म्हणून राहणं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलांना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० विद्यावेतन द्यावं असं पत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणजे सगळं नीट झालं तरी विद्यावेतन आलं आणि हप्त्यात गेलं. राहायचं कुठे, खायचं काय? मामाची वकिली सुरू झाली तेव्हा डोक्यावर कर्ज नव्हतं आणि घर गावात होतं. त्याचा सल्ला चुकीचा नाही, त्याचा काळ वेगळा होता.

क्रॅव्हॅथच्या नियमांतला दुसरा आणि तिसरा इथे तिच्या कामाचा आहे: पगार आणि शिकवणं. पाचवा, म्हणजे पार्टनर होणं, हे तिने सध्या डोक्यातून काढून टाकावं असं मी म्हटलं. फर्मकडे पगारी शाळा म्हणून बघ. शाळा संपते, तशी ही संपवायची तारीख आजच ठरव. तीन वर्षं. तेवढ्यात कर्ज फेडायचं. आणि त्यासाठी राहणीमान कॉलेजसारखंच ठेवायचं. मी माझ्या बॅचमध्ये पाहिलंय, पगार वाढला की आधी गाडी येते, मग मोठा फ्लॅट येतो, आणि मग नोकरी आवडो न आवडो, हप्ते तुम्हाला उठवून ऑफिसात पाठवतात.

सही करण्याआधी तिने फर्मला चार प्रश्न विचारावेत असं ठरलं. पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या मुलांपैकी आज किती इथे आहेत? जे गेले ते कुठे गेले? मी लिहिलेला मसुदा कोण वाचणार आणि चुका कोण समजावणार? आणि खटल्यांच्या विभागात जागा मिळेल का, म्हणजे कोर्टाची पायरी चढता येईल? तिसऱ्या प्रश्नाला धड उत्तर मिळालं नाही, तर फर्मचं नाव कितीही मोठं असो, ती शाळा नाही. तिथे फक्त तास जातात.

तासांचंही खरं सांगितलं. वर्षाला २,००० तास बिल करायचे आणि ऑफिसातल्या दहा तासांतले सात बिलात येतात असं धरलं, तर ४८ आठवड्यांत दर आठवड्याला जवळजवळ ६० तास ऑफिसात. हा अमेरिकेतला आकडा आहे, पण तिचे सिनियर मित्र-मैत्रिणी मुंबईबद्दल सांगतात ते ऐकून मला फार फरक वाटत नाही. तब्येत, झोप, माणसं, यांची किंमत ०.१ मध्ये मोजता येत नाही, पण ती द्यावी लागते. तीन वर्षं देता येईल, असं मला वाटतं. पंधरा वर्षं द्यायची असतील तर तिला ते काम मनापासून आवडायला हवं.

मामाचा मुद्दा मात्र मी खोडू शकलो नाही. न्यायाधीशांनी अचानक प्रश्न विचारला की पायाखालची जमीन कशी सरकते, आणि तरी बोलत कसं राहायचं, हे कॉन्फरन्स रूममध्ये शिकता येत नाही. तीन वर्षांनी ती कोर्टात गेली, तर तिच्या वर्गातली मुलं तिच्या तीन वर्षं पुढे असतील. हे नुकसान खरं आहे. फक्त कर्ज फेडलेला माणूस ते नुकसान भरून काढू शकतो, कर्जात बुडालेल्याला ते जास्त अवघड जातं.

आणि एक शेवटची ऐतिहासिक गंमत. ज्येष्ठतेने नफा वाटायचा, हा नियम जिच्या नावाने ओळखला जातो त्या क्रॅव्हॅथ फर्मनेच २०२१ मध्ये तो सैल केला. २०२३ मध्ये तिथे नफ्यात वाटा नसलेल्या, पगारी पार्टनरची नवी पायरीही आली. सव्वाशे वर्षं टिकलेली व्यवस्था बनवणाऱ्यांनाच बदलावी लागली. तेव्हा पंधरा वर्षांनंतरच्या पार्टनरशिपच्या आशेवर आज कोणी तुम्हाला रात्री दोनपर्यंत बसवत असेल, तर हे आठवा.

बहिणीने अजून सही केलेली नाही. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, आणि चार प्रश्नांचा ईमेल तिने काल पाठवलाय. दोन प्रश्नांची उत्तरं आलीत, तिसऱ्याची वाट बघतोय. तुमच्या घरात कोणी असाच विचार करत असेल, मग ते लॉ असो, सीए असो की आमचं आयटी, तर हा भाग त्यांना जरूर पाठवा. पुढच्या भागात मुंबईच्या कापड गिरण्यांचा भोंगा आणि कामगारांचा तास, तोपर्यंत काळजी घ्या.